ग्रामोद्यान-दर्शन दिन

ग्रामोद्यान-दर्शन दिन : खेड्यातील खाजगी घरांच्या बागा वर्षातून एखाददुसऱ्या ठरावीक दिवशी, अल्प शुल्क घेऊन, सर्वांना पाहण्यास खुल्या करण्याची प्रथा. ही प्रथा मुख्यत्वे इंग्लंड व वेल्समध्ये विकसित झाली असून तिच्याशी मिळतेजुळते उपक्रम स्कॉटलंड, अमेरिकेची संयुक्त संस्थाने, ऑस्ट्रेलिया, फ्रान्स इ. ठिकाणीही आढळतात. जमा होणारे शुल्क बागेच्या मालकाला मिळत नाही. ते परिचर्यासेवा, रुग्णसेवा, गावातील चर्चची दुरुस्ती, ग्रामसभागृह, शाळा यांसारख्या सार्वजनिक कार्यांसाठी देण्यात येते.

सार्वजनिक उद्यान व पुष्पप्रदर्शन यांहून हा प्रकार वेगळा आहे. सार्वजनिक उद्यान शासनाच्या वा नगरपालिकेच्या मालकीचे असते व त्याची निगा पगारी माळी राखतात. राष्ट्रपती भवनाचे उद्यान वर्षातील ठरावीक काळ जनतेला पाहता येते. तथापि तेही शासकीयच होय. पुष्पप्रदर्शनात झाडे व फुले बागेतून उचलून एका जागी मांडली जातात. पुण्याच्या एम्प्रेस उद्यानात भरणारे वार्षिक प्रदर्शन हे याचे महाराष्ट्रातील परिचित उदाहरण आहे. ग्रामोद्यान-दर्शनात मात्र झाड जागचे हलत नाही. प्रेक्षकच त्याच्याकडे जातो. त्यामुळे ते झाड कोणत्या मातीत, कोणत्या भिंतीच्या आडोशाला आणि कोणत्या शेजारी झाडाच्या सावलीत वाढले आहे, हे त्याला प्रत्यक्ष पाहता येते. ज्याने ते लावले तो मनुष्यही तेथेच उभा असतो.

पूर्वपीठिका : दुसऱ्याची बाग पाहण्यास जाण्याची चाल इंग्लंडमध्ये जुनी आहे. अठराव्या शतकात सरदार-जमीनदारांची विस्तीर्ण उद्याने पाहण्यासाठी सुस्थितीतील लोक दूरवरून प्रवास करीत. बकिंगहॅमशर परगण्यातील स्टो येथील उद्यानाला येणाऱ्यांची संख्या इतकी वाढली, की त्यांच्या सोयीसाठी १७१७ मध्ये तेथे एक स्वतंत्र पथिकाश्रम बांधण्यात आला आणि १७४४ मध्ये बेंटन सीली या व्यावसायिकाने त्या उद्यानाची मार्गदर्शक पुस्तिका प्रसिद्ध केली. प्रवेश मिळणे मात्र मालकाच्या मर्जीवर आणि येणाऱ्याच्या वेषभूषेवर अवलंबून असे. मुख्य माळी पाहुण्यांना उद्यान फिरवून दाखवी व त्याबद्दल त्याला बक्षिसी मिळे. म्हणजे, पाहणारा आणि दाखविणारा हे दोघेही एकाच समाजस्तरातील असत, आणि गावातील सामान्य माणसाचा या दर्शनाशी संबंध आलाच तर तो मजूर म्हणून येई.

याच काळात खेड्यातील कष्टकऱ्यांच्या झोपडीवजा घरांपुढे एक अगदी निराळी बाग नांदत होती. हिला कॉटेज-उद्यान असे म्हणतात. आपल्याकडील परसबागेशी तिचे पुष्कळ साम्य आहे. परसबागेत जसे अळू, कढीपत्ता, लिंबू, जास्वंद आणि तगर एकत्र नांदतात, तसेच या बागेत कोबी, बटाटे, वाटाणे, गूजबेरी, औषधी वनस्पती व फुलझाडे दाटीवाटीने लावलेली असत. फरक एवढाच, की परसबाग घराच्या पाठीमागे असते, तर कॉटेज-उद्यानाचा फुलांचा भाग पुष्कळदा घर आणि रस्ता यांच्यामध्ये असतो. त्यामुळे तो जाणाऱ्यायेणाऱ्यांच्या नजरेस सहज पडतो. गुलखैरा, डिजिटॅलिस, लव्हेंडर, पिंक, दारावर चढविलेला वेलगुलाब ही या बागेची ओळख होय. बियाणे व रोपे विकत घेण्याची ऐपत नसल्यामुळे ती शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून मिळविली जात. अनेक जुने वाण अशा देवाणघेवाणीमुळेच टिकून राहिले.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उद्यानशास्त्रज्ञांचे लक्ष या बागांकडे वळले. विल्यम रॉबिन्सन (१८३८–१९३५) यांनी १८८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इंग्लिश पुष्पोद्यानावरील ग्रंथात, दरवर्षी हंगामी रोपे लावून रंगीत नक्षी काढण्याच्या तत्कालीन पद्धतीवर टीका केली व बहुवर्षायू, काटक झाडांचा पुरस्कार केला. गर्ट्रूड जेकिल (१८४३–१९३२) यांनी सरी परगण्यातील खेडुतांच्या बागांचे बारकाईने निरीक्षण करून त्यांतील रंगसंगतीची तत्त्वे स्वतःच्या उद्यानरचनांत उपयोगात आणली. अशा रीतीने मोठ्या उद्यानांचे गुरुपद काही अंशी लहान बागांकडे आले. पुढे जी दर्शनप्रथा निर्माण झाली, तिच्यात लहान बागेला मान मिळण्यास ही विचारसरणी उपकारक ठरली.

परिचर्यासेवा आणि उद्यानदर्शन : आजच्या प्रथेचा उगम उद्यानशास्त्रात नसून गरीब रुग्णांच्या शुश्रूषेत आहे. लिव्हरपूलचे व्यापारी विल्यम रॅथबोन (१८१९–१९०२) यांच्या पत्नीची अखेरच्या आजारात मेरी रॉबिन्सन या परिचारिकेने सेवा केली होती. श्रीमंताघरी मिळणारी ही सेवा गरिबांनाही त्यांच्या घरी मिळावी, या हेतूने रॅथबोन यांनी १८५९ मध्ये त्याच परिचारिकेची शहरातील गरीब वस्तीत नेमणूक केली. हा प्रयोग यशस्वी झाल्यावर फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या सल्ल्याने प्रशिक्षणाची सोय करण्यात आली. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त १८८७ मध्ये जमलेल्या निधीतून या कार्यासाठी एक राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. तीच पुढे क्वीन्स नर्सिंग इन्स्टिट्यूट या नावाने ओळखली जाऊ लागली. खेडोपाडी पायी वा सायकलीवरून घरोघर जाणारी परिचारिका हे त्यानंतरच्या ब्रिटिश ग्रामजीवनाचे एक परिचित दृश्य ठरले. या सेवेचा सर्व भार देणग्यांवर असे.

या कार्याच्या आश्रयदात्या राणी अलेक्झांड्रा यांचे १९२५ मध्ये निधन झाले. त्यांच्या स्मरणार्थ परिचारिकांच्या साहाय्यासाठी व निवृत्तिवेतनासाठी निधी उभारण्याचे ठरले. तेव्हा संस्थेच्या मंडळावरील एल्सी वॅग यांनी एक साधी सूचना केली : देशात इतक्या सुंदर बागा आहेत, परंतु त्या मालक व त्यांचे स्नेही यांखेरीज कोणी पाहू शकत नाही, तेव्हा त्या माणशी एक शिलिंग घेऊन लोकांना दाखवाव्यात. त्यानुसार १९२७ मध्ये नॅशनल गार्डन स्कीम ही योजना सुरू झाली. पहिल्याच वर्षी ६०९ बागा खुल्या झाल्या. त्यांत सँड्रिंगहॅम येथील राजघराण्याच्या उद्यानाचाही समावेश होता. एकूण ८,१९१ पौंड जमले. त्या काळी वीस शिलिंगांचा एक पौंड होत असल्याने, ही सारी रक्कम प्रवेशशुल्काचीच धरली, तर सु. १ लक्ष ६४ हजार लोकांनी त्या वर्षी या बागा पाहिल्या असा हिशेब निघतो.

शिलिंगाच्या या शुल्काने एक महत्त्वाचा बदल घडवून आणला. अठराव्या शतकात प्रवेश ही मालकाची मेहेरबानी होती. आता शुल्क देणाऱ्या प्रत्येकाला सारखाच हक्क मिळाला. शिवाय ते शुल्क मालकाच्या खिशात न जाता रुग्णाच्या उशाशी बसणाऱ्या परिचारिकेकडे जात असल्यामुळे, दाखविणाऱ्याला संकोच व पाहणाऱ्याला उपकृतपणा वाटण्याचे कारण उरले नाही. या प्रथेच्या दीर्घायुष्याचे मर्म पुष्कळ अंशी यात आहे.

१९३१ पर्यंत खुल्या बागांची संख्या एक हजारावर गेली व प्रत्येक परगण्यासाठी स्वयंसेवक संघटक नेमण्याची पद्धत पडली. बागांचे वार्षिक सूचीपुस्तकही निघू लागले. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याचे वेष्टन पिवळे करण्यात आले, तेव्हापासून ते ‘पिवळे पुस्तक’ या लोकप्रिय नावानेच ओळखले जाते. युद्धकाळात अनेक बागांतील हिरवळी खणून तेथे भाजीपाला लावण्यात आला होता. १९४८ मध्ये राष्ट्रीय आरोग्यसेवा अस्तित्वात येऊन घरोघरच्या परिचर्येची जबाबदारी शासनाने स्वीकारली. तेव्हा या योजनेचे प्रयोजन संपले असे वाटण्याचा संभव होता. परंतु निवृत्त परिचारिकांचे साहाय्य व प्रशिक्षण यांची गरज शिल्लक होती. शिवाय ऐतिहासिक उद्यानांच्या जतनासाठी नॅशनल ट्रस्ट या संस्थेला निधीचा काही भाग देण्यात येऊ लागला. १९८० मध्ये योजना स्वतंत्र धर्मादाय न्यास बनली. त्यानंतर कर्करोगग्रस्तांची शुश्रूषा करणाऱ्या मॅकमिलन व मरी क्यूरी या संस्था, मरणासन्न रुग्णांची काळजी घेणारी सेवासदने, घरी रुग्णांची देखभाल करणाऱ्या आप्तांच्या संघटना यांनाही तिचा लाभ होऊ लागला. स्थापनेपासून आतापर्यंत या योजनेने सात कोटी पौंडांहून अधिक रक्कम अशा कार्यांना दिली असून दरवर्षी तीन हजारांहून अधिक बागा तिच्यामार्फत खुल्या होतात.

सामूहिक ग्रामदर्शन : आरंभी योजनेत मोठ्या वाड्यांच्या उद्यानांचा भरणा होता. लहान बागांना वाव मिळाला तो सामूहिक दर्शनाच्या पद्धतीमुळे. योजनेत समाविष्ट होऊ इच्छिणाऱ्या बागेची परगण्याचे संघटक आधी पाहणी करतात. तिची निगा, वैशिष्ट्य आणि प्रेक्षकाचे मन सु. ४५ मिनिटे रमविण्याची तिची क्षमता हे निकष लावले जातात. घरापुढील चिंचोळा तुकडा किंवा अंगणाएवढी बाग या कसोटीला एकटी उतरत नाही. पण एकाच गावातील आठदहा अशा बागा एकत्र आल्या, तर त्या मिळून पाहण्यास अर्धा दिवसही अपुरा पडतो. म्हणून गावातील बागमालक एकाच दिवशी आपापली फाटके उघडतात व सर्वांसाठी एकच प्रवेशपत्रिका ठेवली जाते. ग्लॉस्टरशरमधील ब्लॉक्ली हे याचे एक चांगले उदाहरण आहे. ओढ्याच्या पाण्यावर चालणाऱ्या रेशमाच्या गिरण्यांसाठी हे गाव एके काळी प्रसिद्ध होते. उतारावर वसल्यामुळे तेथील काही बागा पायऱ्यापायऱ्यांनी उतरतात, तर काही ओढ्याच्या काठाने पसरतात. एकाच गावात इतकी विविधता एका मोठ्या उद्यानातही क्वचितच आढळते.

राष्ट्रीय योजनेत नाव न नोंदविता स्वतंत्रपणे असा दिवस साजरा करणारी गावेही पुष्कळ आहेत. तेथे निधी सामान्यतः गावाच्याच उपयोगी पडतो. इंग्लंडमधील बहुतेक जुनी ग्रामचर्चे मध्ययुगीन असून त्यांच्या छपराच्या व भिंतींच्या दुरुस्तीचा खर्च मुख्यतः स्थानिक उपासकांनाच उचलावा लागतो. ग्रामोद्यान-दर्शनाच्या दिवशी चर्चही फुलांनी सजवून खुले ठेवलेले असते, त्यामागे हे कारण असते.

सामूहिक दर्शनामुळे प्रथेचे सामाजिक स्वरूप पालटले. सरदाराचे उद्यान पाहायला सामान्य माणसाने जावे, या जुन्या क्रमाऐवजी आता निवृत्त शिक्षिका, टपालवाटप करणारा, शेतमजुराचे कुटुंब यांच्या बागेत कोणीही येऊन उभा राहतो व मालकाला वनस्पतीचे नाव विचारतो. एरवी एकमेकांना केवळ तोंडओळखीने जाणणारी गावातील माणसे या निमित्ताने एकमेकांच्या कुंपणाआत जातात. शहरातून नव्याने येऊन राहिलेल्या कुटुंबाला गावात सामावून घेण्याचे कामही हा दिवस करतो.

दिवसाची आखणी : खुल्या दिवसासाठी बहुधा जून महिना निवडला जातो. या वेळी गुलाबांचा पहिला बहर असतो, दिवस मोठा असतो व हिरवळ उन्हाने करपलेली नसते. हिमकळी या पांढऱ्या कंदपुष्पांसाठी ख्यात असलेल्या बागा फेब्रुवारीतच खुल्या होतात, तर शरद ऋतूतील पानांच्या रंगासाठी काही ऑक्टोबरात. तारीख अनेक महिने आधी छापली जात असल्याने बहर त्या तारखेला साधणे, ही मालकाच्या कौशल्याची खरी परीक्षा असते. त्यासाठी निरनिराळ्या युक्त्या योजतात. फ्लॉक्स, हेलेनियम, सीडम यांसारख्या बहुवर्षायू झाडांचे शेंडे मेच्या अखेरीस एक-तृतीयांश ते निम्म्यापर्यंत छाटले, तर ती उशिरा व बुटकी राहून फुलतात. लंडनचे चेल्सी पुष्पप्रदर्शन याच सुमारास भरते म्हणून या छाटणीला त्याचे नाव मिळाले आहे. काही झाडे छाटून व काही तशीच ठेवून बहराचा काळ लांबविता येतो. वाळलेली फुले नियमित खुडल्यास नव्या कळ्या धरतात. रिकामे पडलेले वाफे पादपगृहात वाढविलेल्या रोपांनी भरून काढतात. आदल्या दिवशी हिरवळ कापून तिच्या कडा सरळ केल्या, म्हणजे उरलेल्या बागेतील उणिवा फारशा डोळ्यांत भरत नाहीत, असा जाणत्यांचा अनुभव आहे.

व्यवस्थेचा भाग गावाची समिती पाहते. एखादा शेतकरी आपले कुरण मोटारी उभ्या करण्यास देतो. ग्रामसभागृहात प्रवेशपत्रिका व गावाचा नकाशा मिळतो; नकाशावर बागांना क्रमांक दिलेले असतात. प्रत्येक फाटकाशी एक स्वयंसेवक बसतो. उंचसखल वाटा, पायऱ्या, चाकाच्या खुर्चीने जाण्याजोगा मार्ग यांची सूचना आधीच दिलेली असते. अपघाताच्या संभवामुळे सार्वजनिक दायित्वाचा विमा आवश्यक ठरतो. तळ्याकाठी लहान मुलांवर लक्ष ठेवावे लागते. त्याचप्रमाणे डिजिटॅलिस, बचनाग, लॅबर्नम यांसारख्या सुंदर परंतु विषारी वनस्पतींविषयी पाहुण्यांना सावध करणे इष्ट असते. चहा, घरगुती केक व रोपांची विक्री ही या दिवसाची अविभाज्य अंगे असून त्यांतून होणारे उत्पन्नही निधीत जमा होते.

प्रेक्षकांसाठी काही संकेत रूढ आहेत. वाटेवरूनच चालावे, हिरवळीवर चालण्यास सामान्यतः प्रत्यवाय नसतो, वाफ्यात मात्र पाऊल टाकू नये. घराच्या खिडक्यांतून डोकावू नये, कारण खुली केलेली असते ती बाग, घर नव्हे. परवानगीवाचून फांदी, बी किंवा शेंग तोडणे ही चोरीच होय. मागितल्यास बहुतेक मालक ती आनंदाने देतात. दोष काढण्याचा अधिकार पाहुण्याला नाही असे नाही, पण त्याने तो फाटकाबाहेर गेल्यावर बजावावा.

दर्शनापासून होणारा लाभ : पुस्तकातील वा प्रदर्शनातील माहिती सर्वसाधारण असते, शेजारच्या गावातील बाग मात्र त्या भागापुरते अचूक उत्तर देते. दक्षिण इंग्लंडच्या चुनखडीच्या टेकड्यांवर ऱ्होडोडेंड्रॉन व अझेलिया ही आम्लधर्मी माती मागणारी झुडपे पिवळी पडून मरतात. उलट लव्हेंडर, पिंक, क्लेमॅटिस तेथे उत्तम येतात. नवख्या मालकाला हे कळण्यास दोनतीन वर्षांचा तोटा सोसावा लागतो. ग्रामोद्यान-दर्शनात ते एका दुपारी कळते. उत्तरेकडील भिंतीच्या सावलीत काय फुलते, समुद्रावरील वाऱ्यापुढे कोणते कुंपण टिकते, चिकण मातीत पाण्याचा निचरा कसा करावा, हे प्रश्न मालकालाच विचारता येतात. तो बहुधा यशाबरोबर मेलेल्या झाडांचीही हकीकत सांगतो, आणि तीच अधिक उपयोगी पडते.

दुसरा लाभ आरोग्याचा. बागकाम व हिरव्या परिसरातील वावर यांचा शरीर व मन यांवर होणारा परिणाम हा अलीकडे अभ्यासाचा विषय झाला आहे. नॅशनल गार्डन स्कीमने किंग्ज फंड या आरोग्यविषयक संशोधनसंस्थेकडून या विषयावर अहवाल करून घेतला व तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. शुश्रूषेच्या निधीसाठी सुरू झालेल्या प्रथेने बाग हीच शुश्रूषेचे एक साधन आहे, या विचारापर्यंत यावे, ही तिच्या वाटचालीतील लक्षणीय गोष्ट आहे.

वनस्पतींचा प्रसार : बाग ही इतर कलाकृतींसारखी टिकाऊ नसते. मालक आजारी पडला, मरण पावला किंवा त्याने घर विकले, की दोनतीन वर्षांत तिचे रूप नष्ट होते. अगदी मोजक्या उद्यानांना संस्थेचा आश्रय मिळतो. लॉरेन्स जॉन्स्टन यांचे हिडकोट १९४८ मध्ये केवळ उद्यान म्हणून असलेल्या योग्यतेवर नॅशनल ट्रस्टने स्वीकारले. व्हीटा सॅक्व्हिल-वेस्ट व हॅरल्ड निकल्सन यांनी १९३० पासून घडविलेले आणि १९३८ मध्ये लोकांना प्रथम खुले केलेले सिसिंगहर्स्ट १९६७ मध्ये याच संस्थेकडे आले. खेड्यातील हजारो लहान बागांना असे संरक्षण मिळणे शक्य नाही. त्यांच्या बाबतीत जतनाचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे वाटप. सॉमरसेट परगण्यातील ईस्ट लँब्रूक येथे मार्जरी फिश (१८९२–१९६९) यांनी नामशेष होऊ लागलेल्या कॉटेज-उद्यानांतील जुन्या वनस्पती जमविल्या, आपली बाग लोकांना दाखविली, रोपवाटिका चालविली आणि पुस्तके लिहिली. त्यामुळे त्या वनस्पती असंख्य बागांत पोहोचल्या. खुल्या दिवशी एका मेजावर मांडलेल्या, हाताने नाव लिहिलेल्या कुंड्या हेच कार्य लहान प्रमाणावर करीत असतात. ज्या बागेतून गड्डा फोडून रोप दिले, ती बाग पुढे नाहीशी झाली, तरी शेजारच्या गावातील वाफ्यात ते रोप वाढत राहते. बियाणे-रोपांची जी देवाणघेवाण पूर्वी गरिबीमुळे होत असे, तीच आता हेतुपूर्वक होऊ लागली आहे.

या वाटपाला एक मर्यादाही आहे. कुंडीतील मातीबरोबर कीड, रोग व उपद्रवी तण यांचाही प्रसार होऊ शकतो. म्हणून स्वच्छ कुंडीमिश्रणात वाढविलेली व आधी काही आठवडे निरीक्षणाखाली ठेवलेली रोपेच विक्रीस मांडावीत.

इतर देशांतील उपक्रम : स्कॉटलंडमध्ये १९३१ पासून स्वतंत्र योजना असून तिचाही आरंभ परिचारिकांच्या साहाय्यासाठीच झाला. तेथे मालकाला जमलेल्या रकमेचा साठ टक्क्यांपर्यंत भाग आपल्या पसंतीच्या कार्याला देता येतो. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात १९२९ पासून ऐतिहासिक उद्यान-सप्ताह साजरा केला जातो. त्याची प्रेरणा टॉमस जेफर्सन यांच्या माँटिसेलो येथील निवासस्थानाच्या परिसरातील वृक्ष वाचविण्याच्या प्रयत्नांतून मिळाली. त्याच देशात गार्डन कॉन्झर्व्हन्सी या १९८९ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने १९९५ पासून खाजगी बागांच्या खुल्या दिवसांचा कार्यक्रम चालविला आहे. फ्रान्समध्ये सांस्कृतिक मंत्रालयाच्या पुढाकाराने २००३ पासून उद्यानभेटींचा उत्सव होतो. ऑस्ट्रेलियात १९८७ मध्ये व्हिक्टोरिया राज्यात सुरू झालेली योजना पुढे देशव्यापी झाली. पण २०१५ मध्ये ती बंद करण्यात आली. त्यानंतर व्हिक्टोरिया, दक्षिण ऑस्ट्रेलिया इ. राज्यांतील स्वयंसेवकांनी आपापल्या भागापुरत्या नव्या संघटना स्थापून हे काम पुढे चालू ठेवले. मध्यवर्ती यंत्रणा गेल्यावरही स्थानिक संबंधांच्या बळावर ही प्रथा टिकू शकते, हे त्यावरून दिसते.

अडचणी व भवितव्य : २०२० च्या वसंतात कोव्हिड-१९ च्या साथीमुळे ब्रिटनमधील सर्व बागांची फाटके बंद झाली. त्या काळात बागांच्या चित्रफिती प्रसृत करून निधी जमविण्यात आला व जूनपासून आगाऊ नोंदणीच्या पद्धतीने इंग्लंडमधील काही बागा पुन्हा खुल्या झाल्या. हवामानातील बदल हे अधिक चिरकालीन संकट आहे. जुलै २०२२ मध्ये इंग्लंडमधील तापमान प्रथमच ४०° से. च्या वर गेले व त्या उन्हाळ्यात अनेक भागांत नळीने पाणी घालण्यास मनाई करावी लागली. ओलाव्यावर पोसलेली हिरवळ आणि दाट फुलांचे वाफे या कॉटेज-उद्यानाच्या परंपरागत कल्पनेलाच त्यामुळे धक्का बसला असून, पाणी कमी लागणारी झाडे, खडीचे आच्छादन व न कापलेले गवत यांकडे कल वाढत आहे. वाफ्यांच्या कडेला लावल्या जाणाऱ्या बॉक्स या छोट्या पानांच्या झुडपावर, ब्रिटनमध्ये २००७ मध्ये प्रथम आढळलेल्या पतंगाच्या अळ्यांनी मोठी हानी केली आहे. खुल्या दिवशी एका बागेने काय सोसले व त्यावर कोणता उपाय केला, हे दुसरीला समजते. म्हणून या संकटातही दर्शनाचे शैक्षणिक मूल्य वाढलेच आहे.

सर्वांत मोठा प्रश्न माणसांचा आहे. बाग खुली करणे म्हणजे वर्षभर गुडघे टेकून केलेले काम एका दिवशी परक्यांच्या नजरेपुढे ठेवणे होय. आणि पाऊस पडला, तर ते कोणी पाहण्यास येईलच असेही नाही. हे श्रम करणाऱ्यांत निवृत्त व वयस्कर लोकांचे प्रमाण मोठे आहे. गावातील दोन-तीन बागा गळाल्या, की उरलेल्यांचा मिळून दिवस साजरा करणे कठीण होते. त्यामुळे तरुण कुटुंबांच्या अपुऱ्या, अर्धवट रचलेल्या बागा, शाळेतील मुलांचे वाफे व भाजीपाल्याचे सामाईक तुकडे यांनाही सामावून घेण्याकडे काही समित्यांचा कल आहे. काटेकोर निगेची अट थोडी सैल केल्याने दर्शनाचा दर्जा घटतो, अशी तक्रार होते. तथापि नवख्या बागमालकाला परिपूर्ण उद्यानापेक्षा आपल्यासारख्याच अपुऱ्या बागेतून अधिक धीर येतो, हेही खरे आहे. प्रथेच्या मुळाशी असलेले तत्त्व बागेचे सौंदर्य सिद्ध करण्याचे नव्हते, तर जे एरवी कुंपणाआड राहते त्याचा काही भाग इतरांच्या उपयोगी पाडण्याचे होते. पैसा, अनुभव व रोपे या तिन्ही रूपांनी हा भाग जोवर फाटकाबाहेर जात राहील, तोवर या दिवसाचे प्रयोजन कायम राहील.